फुटली का फोडली

"पिताजी की उंगलियां कैसे गई?"

सरनं माइकमधून विचारलं. मी आठवीत. रायपूरजवळच्या बीरगांवची आमची हिंदी शाळा, वर्षातून एकदा होते तो कार्यक्रम, हॉलमधी दोन-अडीचशे माणूस. पहिल्या रांगेत हार घातलेले पाहुणे.

"मशीन में चली गई, सर."

"चली गई? अपने आप? घूमने?"

हॉल हसला. मीही हसलो.

"ठीक से बोलो. किसने डाली?"

"पापा ने डाली, सर."

"करके दिखाओ, कलाकार."

अन् मी करून दाखवलं. मले कोणाचीही नक्कल एकदा पाहून येते. बाबाची तं रोजचीच पाठ. मान एका बाजूले, खालच्या ओठात तंबाखूचा खर्रा, तशातच गुणगुणणं. दोन्ही हातानं पत्रा सरकवला. मंग धाड. मंग बाबाचं भांबावलेलं तोंड केलं अन् हात वर धरला, दोन बोटं मुडपून. बोटं शोधली. मशीनीच्या खाली पाह्यलं. मागं पाह्यलं. शेवटी शर्टच्या खिशात पाह्यलं. खिशावर सगळ्यात मोठा हशा आला. एक पाहुणा चष्मा काढून डोळे पुसून राहिला होता.

"तो जिम्मेदारी किसकी?"

"पापा की, सर."

टाळ्या. सरनं माह्या खांद्यावर हात ठेवला, माइक बाजूले केला अन् मराठीत, फक्त मले ऐकू येईल असं म्हटलं, "शाब्बास. तुमच्यात इतकं खरं बोलणारा पहिलाच पाहिला."

तुमच्यात. तेरा वर्षाच्या पोट्ट्याले बी समजते, कोणाच्यात ते. समजलं, अन् तरी बक्षीस घ्याले हात पुढं गेला. चुकलो. हात पुढं केला मी. "जिम्मेदार विद्यार्थी" लिहिलेला कागद होता, अन् एक कंपास.

मागच्या दाराजवळ बाबा उभा होता. पट्टी बांधलेला हात छातीच्या वर धरून, कारण डॉक्टरनं तसाच धर म्हणून सांगतलं होतं. मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभा. मीच बलावलं होतं त्याले. माहा आयटम आहे, तुम्ही याच म्हणून.

सर तात्यापाऱ्यातले, रायपूरच्या जुन्या मोहल्ल्यातले. मराठीच, पण आमच्या आज्यासारखे भंडाऱ्याकडून कामासाठी आलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या रायपुरातले. वर्गात हिंदी बोलत. माह्यासंग मराठी, अन् ते मराठी लय साफ. मी "पानी" म्हटलं का "पाणी" म्हणवून घेत. तीनदा, चारदा, वर्गासमोर. आज माह्या तोंडात जो ण आहे तो त्यायचाच आहे. मले-तुले मात्र त्यायले काढता आलं नाही.

शनिवारचा शेवटचा तास त्यायचा. टाइमटेबलमधी नैतिक शिक्षा, आम्ही म्हणायचो प्रश्नाचा तास. भाषण देत नव्हते. फक्त विचारत. नियम एकच, "हो गया" बोलाचं नाही. पेन गुम गया, चालणार नाही. मैंने गुमाया. गिलास टूट गया, चालणार नाही. मैंने तोडा. अन् आमच्या घरचं अख्खं मराठी "झालं"वर चालते. दूध सांडलं. भाजी करपली. झोप लागली. नोकरी गेली. सर एकदा मले उभं करून म्हणाले, "तुमच्या वस्तीत सगळं आपोआप होतं. काच आपोआप फुटते, माणूस आपोआप पितो, पोरं आपोआप होतात." मी घरी येऊन तेच, सरच्या आवाजात, आईले करून दाखवलं. मले वाटलं हसेल. आई पीठ मळत राहिली.

खोटं नाही बोलत, त्या तासानं मले शिकवलं बी. सातवीत मी बाजूच्या पोट्ट्याचं घड्याळ लपवलं होतं. सरनं हात नाही लावला, ओरडले नाही, एकामागं एक साधे प्रश्न विचारत गेले अन् शेवटी मीच म्हटलं, मैंने लिया. घरी जातांना इतकं हलकं वाटलं का काय सांगू. तेव्हापासून मी सरचा भक्त. म्हणून पुढचं दिसूनही मी पाह्यलं नाही.

ठेकेदाराच्या पोरानं वर्गात बॅट फिरवून खिडकीची काच फोडली. सर आले. बॅट त्याच्याच हातात. सर म्हणाले, "अरे, कांच टूट गया. चलो हटो सब, पैर में लगेगा."

टूट गया. त्याच्यापाशी काच फुटली. आमच्यापाशी असती तं आम्ही फोडली असती. मी ते ऐकलं. कान माहे तेजच आहेत, त्याच्याच भरवशावर तं नकला करतो. सुट्टीत मैदानावर सरच्या आवाजात "टूट गया" करून सगळ्यायले हसवलं. हसवलं अन् सोडून दिलं. तेवढ्यात मले वाटलं, बोललो मी जे बोलाचं ते.

त्या कार्यक्रमातून बाबासंग घरी आलो. सायकल त्यानं हातानंच ढकलत आणली, एका हातानं चालवता येत नव्हती. पूर्ण रस्त्यात एकच बोलला.

"खिशात काहून पाह्यलं बे?"

"गमत होती."

"हं," म्हणे.

आता जाळीचं सांगतो. बाबा उरल्याच्या इंडस्ट्रियल एरियात, पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनीवर होता. वरून वजन खाली येते अन् पत्रा कापते. हात आत जाऊ नये म्हणून मशीनीच्या पुढं लोखंडी जाळी राहते. ती जाळी काढून ठेवली होती. जाळी काढली का माल लवकर निघते. बाबाचे हात आत होते तेव्हा जाळी भिंतीले टेकून उभी होती. हे आमच्या घरी रोजचं बोलणं. दीड महिना तेच. कंपनीचा माणूस कागद घेऊन येत होता. कागदावर लिहिलं होतं, कामगाराच्या स्वतःच्या चुकीनं अपघात झाला. खाली सही करा. बाबा करत नव्हता. विहारातले एक काका सांगून राहिले होते, करू नको, पहिले जाळीचं लिहा म्हण. आई त्या माणसाले दारातूनच परत पाठवत होती.

म्हणजे मले सगळं मालूम होतं.

मालूम होतं, अन् हॉलमधी मी जाळीचं नाव घेतलं नाही. कोणी दबाव नाही टाकला. सरले जाळीचं मालूमही नव्हतं. पण जाळी मधात आणली असती तं खिशाचा पंच मेला असता. इतकंच. लोखंडी जाळीवर कोण हसते? तेरा वर्षाचा होतो पण टायमिंग समजत होतं मले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. बाबानं कागद घेतला, भिंतीवर धरला अन् डाव्या हातानं सही केली. वाकडीतिकडी. आई मागून म्हणत होती, "काहून? काहून करून राहिले तुमी?"

"पोट्ट्यानं सांगतलं न सगळ्यायसमोर," बाबा म्हणे. "आता म्या कोन्या तोंडानं जाळी जाळी करू."

कंपनीनं कामावर ठेवलं त्याले. मशीनीवर नाही. भंगार उचलाले अन् फरशी झाडाले. तेव्हापासून तेच करून राहिला आहे. जाळी काही परत लागली नाही. बाबाच्या जागी दुसरा आला. दोन वर्षानं त्याचा अंगठा. त्या माणसाचं नाव मले माहीत नाही. त्या अंगठ्यात माहा वाटा किती, नाही सांगता येत. वाटा आहे.

आता मी चोवीसचा आहे. बीएस्सी, बीएड. एका प्रायव्हेट शाळेत गणित शिकवतो. पोट्टे खूश राहतात माह्यावर. पीटी सरची शिट्टी, प्रिन्सिपल मॅडमचं खोकणं, सगळं करून दाखवतो. मागच्या वर्षी मॅडमनं शनिवारचा शेवटचा तास मले दिला. "कुछ जिम्मेदारी वाला कराइए, पैरेंट्स को अच्छा लगता है."

मी तोंड उघडलं अन् सर बाहेर आले. तेच प्रश्न. तोच नियम. प्रश्न विचारून झाल्यावरचं तेच थांबणं, तीच एक भुवई. नक्कल करतो तेव्हा मले माहीत राहते का मी कोणाची करून राहिलो. याच्यात माहीतच नव्हतं. मले वाटे हा माहाच आवाज आहे.

सातवीत खिलेश्वरी नावाची पोट्टी आहे. रेल्वे फाटकाच्या पलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत राहते, आई पोहा मिलमधी कामाले जाते. सलग चार दिवस उशिरा आली. शनिवारी मी तिले उभं केलं.

"देर हो गई, कि देर की?"

"की, सर."

"किसने?"

"मैंने, सर."

मी तिची नक्कल केली. दप्तर एका खांद्यावर, डोळे अर्धे मिटलेले, वर्गाच्या दारात येऊन मोठी जांभई. वर्ग लोटपोट. मंग खिलेश्वरीनं स्वतःच जांभई देऊन दाखवली. माह्यापेक्षा मोठी, हात ताणून. वर्ग अजून हसला. तिनं माह्याकडे पाह्यलं, बरोबर केली न, अशी.

"जिम्मेदारी किसकी?"

"मेरी, सर." हसतच.

ते हसणं मी ओळखतो. ते कसं असते ते मी आतून पाह्यलं आहे.

तास संपल्यावर व्हरांड्यात तिले थांबवलं. आता खरं सांग म्हटलं, उशीर काहून होते.

"सर, स्कूल वैन अब पारा में नहीं आती न. फाटक पार करके रोड तक जाना पडता है. मालगाडी खडी रहती है तो वैन निकल जाती है. फिर पैदल."

"कब से नहीं आती?"

"दिवाली के बाद से. गेट पर लिस्ट लगी थी."

लिस्ट मी टाइप केली होती.

मॅडम म्हणाल्या होत्या, वो अंदर वाला पारा हटा दीजिए, कॉलोनी वालों को देर होती है. मी हटवला. सात पोरं होती त्यात. मी नावंही वाचली नाही, ओळी निवडल्या अन् बटण दाबलं. दाबतांना मॅडमच्या आवाजात खोकून "हटा दीजिए" म्हटलं, ऑफिसमधला भैया पोट धरून हसला. चार दिवस ती पोट्टी रोडच्या कडेनं चालत आली ती माह्या त्या बटणापाई. अन् मी तिले विचारून राहिलो, किसने.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा जेवून खाटेवर बसला होता. आई बाहेर. मी म्हटलं,

"बाबा, ते जाळी कोणी काढली होती?"

त्यानं माह्याकडे पाह्यलं. "अकरा वर्सानं इचारून राह्यला?"

"हाव."

"सुपरवायझर म्हने, काढ. मालकाची घाई होती त्याच्यामागं, गाडी भराची होती. अन् पाना म्या चालवला. पाना माह्याच हातात होता, ते बी सांगतो. नाई म्हनाले पायजे होतं. पन म्या तसं बोल्लो नाई. नव्या मान्सानं एकडाव नाई म्हटलं का दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहीर, पायलं होतं म्या."

तीन नावं. अर्ध्या मिनिटात. त्यात एक स्वतःचं. सरनं वर्षानुवर्षं तो तास घेतला अन् कधी पहिल्या नावाच्या वर गेले नाही. पहिलं नाव सापडलं का तास संपे. मीही तसाच संपवत होतो.

मले वाटलं, आता झालं बोलणं. पण बाबा पाहतच होता.

"तुले मालूम होतं न जाळीचं?"

"हाव."

"मंग काहून नाई बोल्ला?"

"राहून गेलं," मी म्हटलं.

माहं वाक्य आम्हा दोघायच्या मधात पडून होतं. राहून गेलं.

"मी नाही सांगतलं," मी म्हटलं. "लोक हसून राहिले होते. मले ते पाहिजे होतं."

"हं."

उठला, पायात चप्पल घातली अन् चौकाकडे गेला. संध्याकाळी आला, जेवला. मी माफी मागणार होतो, नाही मागितली. मागितली असती तं द्यावीही त्यालेच लागली असती. अकरा वर्षं भंगार उचलून झाल्यावर पोट्ट्याले हलकं कराचं काम बी बाबाच्याच अंगावर टाकू का.

सोमवारी मॅडमनं बलावलं. या शनिवारी पालक येणार आहेत, माहा तास त्यायच्यासमोर घ्यायचा आहे. वर्गात काय झालं ते त्यायच्यापर्यंत पोचलं होतं.

"वो जम्हाई वाली बच्ची को लीजिए. सबको मजा आएगा."

"नहीं मैडम. उसको नहीं खडा करूंगा."

"तो किसको?"

"मैं खडा रहूंगा. बच्चे पूछेंगे, वैन की लिस्ट किसने बनाई. मैं बोलूंगा, मैंने. फिर पूछेंगे, किसके कहने पर."

मॅडम हसल्या. माह्यासंग हे नेहमीचं आहे. खरं बोललो तरी लोकायले आयटम वाटते.

"आप भी न सर. कितनी एक्टिंग करते हो."

"एक्टिंग नहीं कर रहा."

तेव्हा हसणं थांबलं. टेबलावरची फाइल जवळ ओढली त्यायनं. "मार्च तक का कॉन्ट्रैक्ट है आपका, मालूम है न? सोच लीजिए. नौकरी दी, इज्जत दी, और अब ये नेतागिरी. आप लोगों में यही..."

वाक्य सोडून दिलं मधातच. हे लोक असं वाक्य मधातच सोडतात. पुढचं आपण समजून घ्यायचं, मान खाली घालाची अन् बाहेर यायचं. मी आजवर तेच केलं. बाहेर येऊन त्यायची नक्कल केली, चार लोकायले हसवलं, अन् समजलो का जिंकलो.

"वाक्य पूरा कीजिए, मैडम," मी म्हटलं. "हम लोगों में क्या?"

त्या फाइल पाहत राहिल्या. मी उभा राह्यलो. खुर्चीमागचा पंखा फिरत होता अन् मी तिथंच.

"क्लास है आपकी. जाइए."

वाक्य काही पूर्ण केलं नाही त्यायनं.

मंगळवारी मी सातवीले सगळं सांगतलं. वैनच्या लिस्टमधून पारा कोणी काढला, कोणाच्या सांगण्यावरून, कोणासाठी. म्हटलं, आता तुम्ही विचारा मले. कोणी हात वर करेना. त्यायले वाटलं मी काहीतरी गमत करीन. मंग खिलेश्वरी उभी राह्यली.

"सर, हमारा नाम पढा था?"

"नहीं पढा."

"एक भी नहीं?"

"एक भी नहीं."

ती खाली बसली. हसली नाही. मीही काही जोडलं नाही त्याच्या पुढं. पहिल्यांदा वर्गात असं झालं का मी बोललो अन् कोणीच हसलं नाही. असं वर्गात उभं राहणं लय कठीण आहे. मले येत नाही ते, शिकून राहिलो.

शनिवार परवा आहे. खिलेश्वरीले मी सांगतलं, तुले उभं राहाची गरज नाही, कोणालेच नाही. कोणी विचारलं तं ठीक, नाही विचारलं तं मीच माह्या तोंडानं विचारीन, आधी मले, मंग मॅडमले, मंग ज्यायनं उशीर होते म्हणून तक्रार केली त्या कॉलनीवाल्यायले. मार्चमधी नोकरी जाईल असं मी म्हणणार नाही. ते काढतील, अन् कोण काढून राहिलं ते बी मी नाव घेऊन विचारीन. बाबा येणार नाही. मी बलावलं नाही त्याले.

मले माहीत आहे काय होईल. मी उभा राहीन अन् पहिल्याच वाक्याले कोणीतरी हसेल. लोक माह्याकडे हसाच्या तयारीनंच पाहतात, ही सवय मीच लावली. हसू दे. हशाच्या आत बोललं तं वाक्य वाया जाते, एवढं तं मले समजते. मी थांबीन. शेवटचा माणूस चूप होईपर्यंत थांबीन. मंग तोच प्रश्न पुन्हा विचारीन, माह्या आवाजात.